रोशनीच्या पायाची तारीख

आर्या आणि निशांत,

परवा सकाळी कॉलेज रोडच्या कोपऱ्यावर द्राक्षांचा या वर्षीचा पहिला टेम्पो लागला. "आजी, साखर उतरलीय, खाऊन तर बघा," म्हणत विकणाऱ्याने दोन मणी माझ्या हातावर ठेवले. साखर उतरली नव्हती, आंबटच होते. दरवर्षी तो हेच म्हणतो आणि दरवर्षी मी अर्धा किलो घेते. घरी येऊन मिठाच्या पाण्यात घड बुडवून ठेवला, तेवढ्यात आर्याचा फोन आला. तिकडे कॅल्गरीत, देवळाच्या हॉलमध्ये, पूरग्रस्तांच्या मदतीसाठी ती गाणार आहे. तिला पडद्यावर दाखवायला तो फोटो हवाय, ज्यात कुमुदताई गातेय आणि मी मागे तंबोरा घेऊन बसलेय. "आणि आजी, कुमुद आजींनी द्राक्षाच्या मजुरांच्या मुलांसाठी जे कार्यक्रम केले, त्याबद्दल काहीतरी छान लिहून पाठव ना. छोटंसं."

छोटंसं जमलं नाही. छानही जमलं नाही. इंग्रजीतून पाठवलं असतं तर तुम्ही स्वतः वाचलं असतं, पण आयुष्यभर मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि मला ठाऊक आहे की त्या भाषेत माझं वाक्य फार लवकर नीटनेटकं होतं. म्हणून मराठीत. आई वाचून दाखवेल.

कार्यक्रमांच्या त्या वर्षी थंडी मार्चपर्यंत हटली नव्हती. सकाळी दिंडोरीच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंच्या बागांवर धुई बसलेली असायची आणि बागायतदार मफलर गुंडाळून, आभाळाकडे पाहत उभे असायचे. धुई लांबली की घडांवर रोग येतो. घडांना वर्तमानपत्राचे कागद गुंडाळलेले, त्यामुळे मांडवाखाली वाकून पाहिलं तर वेलींना बातम्या लागल्यासारख्या दिसायच्या. हवेत गंधकाचा वास. मांडवाखाली मान वर करून, हात वर धरून दिवसभर काम करणारी माणसं पेठ-सुरगाण्याकडची. भात निघाला की डोंगर उतरून यायची, द्राक्ष संपली की परत जायची. त्यांची पोरं बांधावर. शाळा डोंगरात राहिलेली, आई वेलीखाली, आणि पोर क्रेटच्या सावलीत झोपलेलं.

कुमुदताईने हे पाहिलं आणि ठरवलं, या पोरांसाठी दिंडोरीत वसतिगृह बांधायचं. ती मला गुरूंच्या घरी दोन वर्षांनी ज्येष्ठ. आवाज असा, की खालचा षड्ज लागला की समोरच्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. त्या हंगामात तिने स्वतःसाठी एकही बैठक घेतली नाही. पुण्याचं एक मोठं आमंत्रण परत पाठवलं. पाच कार्यक्रम ठरले: नाशिकला एका लहान सभागृहात, मग दिंडोरी, ओझरच्या कारखान्याची वसाहत, वणी, आणि शेवटचा परत नाशिकला, मोठ्या नाट्यगृहात. तारखा, गाड्या, सतरंज्या, निमंत्रणं सगळं माझ्याकडे. माझ्या डायरीत प्रत्येक गोष्टीला एक ओळ होती. कुमुदताई म्हणायची, "शालू, तुझ्या डायरीत नाही ते जगात होत नाही."

अशा कार्यक्रमांची एक रीत असते, तुमच्याकडेही असेल. मध्यंतरानंतर, दिवे पुन्हा मंद व्हायच्या आधी, ज्यांच्यासाठी मदत मागायची त्यांच्यातलं एक माणूस मंचावर आणायचं. शाल, नारळ, दोन शब्द. आम्ही आणली रोशनीला. सहा वर्षांची. क्रेट भरलेल्या ट्रॉलीवर बसून बागेतून येताना खाली पडली, गुडघ्याशी हाड मोडलं. गावाकडे कुणीतरी झाडपाल्याची पट्टी बांधली होती, ती सुटली तेव्हा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. बगलेत एक लहान कुबडी. तिची आई सकू, पंचविशीची असेल, माइकसमोर उभी राहिली की दोन्ही हातांनी पदराचं टोक पिळायची.

सकूचं बोलणं मी बसवलं. शाळेत सारांश लिहायला शिकवायचे, तसंच. पहिल्यांदा ती अर्धा तास बोलली, त्यात बैल, सासू, पाऊस सगळं होतं. मी ते तीन मिनिटांवर आणलं. ट्रॉली चालवणारा प्यालेला होता, हे तिच्या बोलण्यात दोनदा यायचं, ते काढलं, कारण दिंडोरीच्या कार्यक्रमात त्याच बागेचे मालक पहिल्या रांगेत बसणार होते. त्यांनी मोठी मदत देऊ केली होती आणि शाल त्यांनाही द्यायची होती. सकू शहाणी. आमच्यासारखं बोलायचा प्रयत्न करू लागली, "आहे", "नाही". तेही मी थांबवलं. "तुझं हाय-नायच राहू दे," मी म्हटलं. "लोकांना तेच भिडतं."

"बरं बाई," ती म्हणाली.

गाडीत कुमुदताई पुढे बसायची, काचा बंद, गळ्याभोवती लोकरीचा मफलर, गालात ज्येष्ठमधाची काडी. मागे मी, सकू, सकूच्या मांडीवर रोशनी आणि आमच्या मध्ये आडवा तंबोरा. तबल्याला अरविंद, तो मोटारसायकलवर मागून यायचा. एकदा खड्ड्यात गाडी आपटली आणि तंबोऱ्याचा भोपळा रोशनीच्या दुखऱ्या गुडघ्यावर आला. पोरगी किंचाळली. कुमुदताई गर्रकन वळून म्हणाली, "भोपळा बघ आधी!" आणि मी भोपळाच पाहिला. हात फिरवून, टिचकी मारून, कुठे चीर गेलीय का ते. चूक एवढीच, की ती चूक आहे असं गाडीतल्या कुणालाच वाटलं नाही. मिरजेचा भोपळा, साठ वर्षांचा, एकदा तडकला की गेला. सकूनेसुद्धा पोरीचा पाय बाजूला ओढून घेतला आणि मला विचारलं, "फुटला नाय ना, बाई?"

रोशनीला मात्र हे सगळं आवडायचं, हेही खरं आहे. गाडी आवडायची, मंचावरचे दिवे आवडायचे. कुमुदताई तान घ्यायची तेव्हा ती विंगेत बसून तोंड उघडं टाकून पाहायची. एकदा मला विचारलं, "ताईंच्या पोटात दुखतं का?"

"का गं?"

"मग त्या हात असा का करतात?"

कुमुदताईला सांगितलं तर ती इतकी हसली, की तिला खोकला आला.

दिंडोरीचा कार्यक्रम झाला आणि त्याच आठवड्यात मी रोशनीला नाशिकच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. मध्यम वयाचे, कमी बोलणारे. सकू पोरीला घेऊन शेजारच्या खोलीत बसली होती. त्यांनी एक्स-रे उजेडाला धरला. हाड वाकडं जुळलंय ते सरळ करता येईल, म्हणाले, पण मार वाढीच्या जागेला आहे आणि ही जागा वाट पाहत नाही. आता केलं तर पाय बरोबरीचा राहील. उशीर झाला तर सरळ होईल, पण मागे पडेल, आणि पोरगी वाढेल तसा फरक वाढेल. "गुरुवारी भरती करा. मी बेड ठेवतो." दोन कार्यक्रमांत ऑपरेशनपुरते पैसे जमले होते. डॉक्टर स्वतःचं काही घेणार नव्हते. अडचण कुठलीच नव्हती.

संध्याकाळी मी कुमुदताईकडे गेले. ती तंबोऱ्याची जवारी लावत होती, घोडीवर तारेखाली दोरा सरकवत, कान जवळ नेत.

"गुरुवारी भरती करा म्हणतायत," मी सांगितलं.

"गुरुवारी? आणि ओझरला कुणाला उभं करायचं?"

"सकू येईल एकटी."

"सकू एकटी." तिने तार छेडली, ऐकली, दोरा केसभर मागे घेतला. "पोर दवाखान्यात, उपचार चालू, मग लोकांनी रडायचं कशासाठी? टाळ्या वाजवतील आणि घरी जातील. वसतिगृहाचा पाया तरी भरला गेलाय का अजून? एका पायासाठी ती सगळी पोरं आणखी एक हंगाम बांधावर झोपवायची?"

"डॉक्टर म्हणतात, ती जागा वाट पाहत नाही."

"डॉक्टर असंच म्हणतात. शालू, इतकी वर्षं माझ्यामागे बसतेस. समेवर यायची घाई केली की काय होतं?"

"रंग उतरतो."

"मग?"

मी डायरी उघडली. शेवटच्या कार्यक्रमानंतरच्या सोमवारी लिहिलं, "रोशनी, भरती." मला पेन्सिलने लिहायची सवय होती, म्हणजे फिरवाफिरव करता येते. त्या दिवशी मी पेनाने लिहिलं. तिने तेवढ्यात तार पुन्हा छेडली आणि आवाज असा गोल, भरून आला, की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. जवारी जमली होती.

आमच्या गाण्यात थांबवून ठेवण्याला फार मान आहे. गंधार लगेच द्यायचा नाही, भोवती फिरायचं, ऐकणाऱ्याला तहान लागू द्यायची, मग द्यायचा. हे मी लहानपणापासून शिकले आणि त्यातलं सुख माझ्या रक्तात आहे. दुसऱ्या कुणाला हे सुचलंच नसतं. एखाद्या व्यापाऱ्याने पैसे जमल्या दिवशी ऑपरेशन उरकून टाकलं असतं. आम्ही कलावंत. आम्ही एका पोरीचा गुडघा विलंबितात घेतला.

ओझरला, मध्यंतराच्या आधी, सकू माझ्याजवळ आली. कुमुदताई आत स्वर लावत होती. "बाई, पोरीच्या पायाचं कधी करनार?"

मी डायरी उघडून तिला ती ओळ दाखवली. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून तारीख वाचली. "लय लांब हाय."

"सगळं नीट जुळवून आणावं लागतं, सकू."

तिने आणखी काहीतरी विचारायला तोंड उघडलं. आतून कुमुदताईने हाक मारली आणि मी म्हटलं, "आता ताई बसतायत. नंतर बोलू." नंतर बोललो नाही. त्या दिवशी पूरिया धनाश्री झाला. लोक रुमाल काढून बसले होते. तंबोरा धरणाऱ्याला एक सोय असते: त्याने गाण्यात लक्ष घालायचं नाही, काही ठरवायचं नाही, फक्त सूर तुटू द्यायचा नाही. ही सोय मी व्यासपीठावरून खाली उतरल्यावरही वापरत राहिले.

वणीला गडबड झाली. तेच बोलणं चौथ्यांदा बोलताना सकू रडली नाही. पाठ झालेली कविता म्हणावी तशी म्हणून मोकळी झाली. रोशनीने तर पहिल्या रांगेतल्या एका बाळाला पाहून हात हलवला. लोक हसले, पेटीत विशेष काही पडलं नाही. परतायच्या आधी आत चहा पिताना अरविंद म्हणाला, "ताई, आज सकूचं रडणं मात्रा चुकलं. सम गेली कुठल्या कुठे." आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. सकू दारात कप घेऊन उभी होती. तीही हसली, कारण सगळे हसत होते.

कुमुदताईने तिला जवळ बोलावलं, खांद्यावर हात ठेवला. आवाज मऊ होता, कुमुदताई दुष्ट नव्हती. "सकू, तुझ्या पोरीचा पाय असाच राहिला तर तिला कोण करून घेईल? शेवटच्या दिवशी बोलताना हे मनात आण."

शेवटच्या दिवशी सकूने ते मनात आणलं. तीन मिनिटांचं बोलणं तिला पुरं करता आलं नाही. नाट्यगृह भरलेलं, बाल्कनीत माणसं उभी. रोशनीचा पाय तोवर इतका वळला होता, की मंचाच्या दोन पायऱ्या चढताना ती आडवी होऊन, कुबडी आधी टाकून चढली, आणि त्या दोन पायऱ्यांनाच सभागृहातून हुंदका आला. मग कुमुदताई गायली. आर्या, तुला गाणं कळतं म्हणून सांगते, तसं गाणं मी परत ऐकलं नाही. भैरवीत तिने कोमल रिषभावर इतका वेळ काढला, की माझ्या हातातला तंबोरा मला जड झाला. आणि तो रिषभ खोटा नव्हता. हे मला अजून पचत नाही. तो खोटा असता तर फार बरं झालं असतं.

तू मागितलेला फोटो त्याच दिवसाचा आहे. कडेला, विंगेच्या पडद्याखाली, बारकाईने पाहिलं तर कुबडीचं रबरी टोक दिसतं.

सोमवारी मी ठरल्याप्रमाणे, ठरल्या वेळेला भरती केली. बागा रिकाम्या झाल्या होत्या, पानं तांबूस, एप्रिलच्या छाटणीला कात्र्यांना धार लावणं चाललेलं. डॉक्टरांनी नवा एक्स-रे जुन्याशेजारी लावला आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून उभे राहिले.

"मी बेड ठेवला होता ना?"

"हो."

"मग?"

"कार्यक्रम होते."

त्यांनी मान हलवली नाही, रागावले नाहीत, पेन उघडून कागदावर लिहू लागले. पाय सरळ झाला. लांबीला मागे पडला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अगदी तसाच, दर वर्षी थोडा.

मी कुमुदताईला सांगायला गेले तेव्हा ती रियाजाला बसली होती. मी तंबोरा घेऊन मागे बसले आणि तसंच, पाठीमागून, सांगितलं. ती म्हणाली, "तुझा पंचम उतरलाय." मी खुंटी पिळून पंचम चढवला. त्यानंतरही मी तिच्यामागे तीन वर्षं बसले. रागाने तंबोरा खाली ठेवला असं काही झालं नाही. तुमच्या मनात तसं चित्र असेल तर पुसून टाका.

वसतिगृह झालं. पक्कं झालं. पाणी आहे, संडास आहेत, पोरं दोन वेळा जेवतात, काही दहावी झाली, एक मुलगी परिचारिका झालीय. कुमुदताई गेली तेव्हा तिथे तिचा मोठा फोटो लावला. मी दर हंगामात जाते, उशांचे अभ्रे मोजते, हजेरीपट बघते. ते आमच्या हातून झालं आणि ते चांगलं झालं. एकाच डायरीत दोन्ही आहे. गुरुवारी भरती करूनही ते झालं असतं का, मला माहीत नाही. आम्ही तसं करून पाहिलंच नाही.

गेल्या फेब्रुवारीत वसतिगृहातून परतताना कळलं, की सकू जवळच्याच बागेत कामाला आहे. गेले. मांडवाखाली ती घडातले बारके मणी कात्रीने काढत होती. केस पिकलेत. मला पाहून कात्री थांबवली नाही. मुकादम बघत होता.

"बसा बाई, क्रेटवर बसा. लय वर्षांनी."

मी बसले. जे सांगायला इतकी वर्षं लागली, ते सांगितलं. "सकू, रोशनीचा पाय आधी झाला असता. तेव्हाच. डॉक्टरांनी गुरुवार दिला होता. आम्ही लांबवलं."

"माहीत हाय."

"काय माहीत आहे?"

"डॉक्टर तवाच बोलले व्हते मला. तुम्ही भाईर कागद करायला गेल्या तवा. म्हनले, बेड ठेवलाय, उशीर नको." कात्री चालू होती. मणी तिच्या पायाशी हिरवे पडत होते.

"मग ओझरला मी ती तारीख दाखवली, तेव्हा तू भांडली का नाहीस?"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ मुलीकडे मी बघायचे, तसं.

"भांडून? आन तुम्ही निघून गेल्या असत्या, मग? मला दुसरं कोन नेनार व्हतं नाशिकला? उशिरा का व्हईना, तुमच्या वहीत लिवलेलं तरी व्हतं." मग हसून म्हणाली, "आन रडू बी आनलं का नाय शेवटी, तुम्हाला पायजे तसं?"

उत्तर तिला नकोच होतं, ती पुढच्या घडाकडे वळली. "रोशे, बाईंना पानी आन गं!"

बागेच्या टोकाला पत्र्याची शेड होती. तिथे रोशनी वजनकाट्यावर बसते, उभ्याचं काम तिला होत नाही. आता उंच झालीय, दोन वेण्या, कानात खड्यांची फुलं, ओठांवर मोबाइलवरचं कसलंसं गाणं. तांब्या घेऊन ती शेडच्या कोब्यावरून येऊ लागली. एका चपलेखाली चांभाराने जाड थर ठोकून दिलाय. एक पाऊल जड, एक हलकं, मध्ये अर्ध्या श्वासाची जागा, परत जड. ती पुरती जवळ यायच्या आत माझं उजव्या हाताचं बोट मांडीवर आपटायला लागलं होतं. मी तिच्या चालीच्या मात्रा मोजत होते. सात येत होत्या, आणि ठेका सुंदर होता.

मी हात पदराखाली घेतला. पाणी प्याले, तांब्या परत दिला. ती वळून शेडकडे चालू लागली, आणि पदराखाली बोट चालूच राहिलं.